नेढं बुजलेली माशी

गळाला लागलेला माणूस मी आजवर एकच पाहिलाय. आमच्या बोळातले नरसय्या मामा.

उन्हाळ्यातली दुपार होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं. दार वाजलं म्हणून उघडलं, तर मामा उभे. खालच्या ओठात मासे धरायचा बारका गळ, गळातून लोंबणारा लाल दोरा, आणि तो दोरा ज्या लाकडी कांडीला गुंडाळला होता ती कांडी सदऱ्याच्या खिशात नीट ठेवलेली, चष्म्याचं घर ठेवावं तशी.

"अम्मा, पक्कड हाय का घरात?"

मी नुकतीच पत्रकं वाटून आले होते. गावाबाहेरच्या तलावाला कुंपण घालायचं, काठाला फरशा बसवायच्या, दाराशी तिकीट लावायचं आणि या सगळ्याला सुशोभीकरण म्हणायचं, असा बेत चालला होता. मी त्याच्या विरोधात होते. अजूनही आहे. त्यामुळे मामांचा ओठ बघून माझ्या तोंडून पहिला प्रश्न सवयीनं निघाला, "याला जबाबदार कोण?"

"मीच की," मामा म्हणाले. "अंते."

'अंते' म्हणजे तेलुगूत 'एवढंच'. मामांचं कुठलंही बोलणं या शब्दापाशी येऊन थांबतं. कारखाना बंद पडला, अंते. बायको गेली, अंते. मुलगा भिवंडीला गेला आणि तिथलाच झाला, अंते. मला या शब्दाचा राग आहे. माणसाचं आयुष्य उसवलं जातं आणि तो 'एवढंच' म्हणून टोपी सारखी करतो. एवढंच कसं? कुणी ठरवलं एवढंच? हे मी मामांना तोंडावर विचारलेलं आहे. त्यावर ते म्हणाले, "तू लई चांगलं बोलतीस," आणि शेंगा खायला दिल्या.

पक्कड काही मी लावली नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओठाकडे बघितलं, दोऱ्याकडे बघितलं, खिशातल्या कांडीकडे बघितलं.

"मासे धरायला गेला होता?"

"न्हाय. घरातच होतो."

"मग घरात काय धरत होता?"

"माशी बांधालो होतो," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच सगळं सांगितलं, आणि तेच इथंही सांगते, नाहीतर तुम्हीही तसंच बघाल.

माशी बांधायची म्हणजे बारक्या गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून एखाद्या किड्याचं सोंग करायचं. ते सोंग पाण्यावर टाकलं की मासा खरा किडा समजून झडप घालतो आणि फसतो. आमच्याकडे मासे धरणारे सरळ कणकेची गोळी लावतात, नाहीतर गांडूळ. पिसांची माशी बांधणारा अख्ख्या पेठेत एकच माणूस, मामांच्या समोरच्या घरातले उस्मानचाचा. चाचा रेल्वेत फिटर होते. तरुणपणी त्यांच्या एका साहेबाला हा नाद होता, तो जाताना गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, गळ आणि नाद तिन्ही चाचांना देऊन गेला. सुट्टी लागली की चाचा तलावावर. शेजारी गांडूळवाले टोपलीभर चिलापी काढायचे, चाचा दिवसभरात दोन. पण त्या दोन दाखवताना चेहरा असा, की जणू बाकीच्यांनी चोरीचा माल आणलाय.

आणि मामा? मामांनी कधी गळ हातात धरलेला नाही. ते मासे खातही नाहीत, काटा लागतो म्हणून. त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. मागाच्या धोट्यात, म्हणजे आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी ठोकळ्यात, नवी कांडी घातली की तिच्या दोऱ्याचं टोक धोट्याच्या एका बारक्या भोकातून बाहेर काढावं लागतं. त्याला सुई लागत नाही. कामगार धोटा तोंडाला लावतो, एक श्वास आत ओढतो, दोरा बाहेर. पाळीभर हेच. त्या श्वासाबरोबर सुताची किती धूळ छातीत गेली हे कुणी पाहिलं नाही, आणि का पाहिलं नाही यावर मी वेगळं पत्रक काढलेलं आहे. तर या माणसाच्या हातात पहिल्यांदा गळ आला. गळाच्या एका टोकाला सुईसारखं नेढं. मामांनी नेढं पाहिलं, आणि तोंडानं पुढचं काम आपोआप केलं.

"दुसऱ्या टोकाला आकडा हाय ते इसरलो," ते डॉक्टरांना म्हणाले. "अंते."

परत येताना चाचांच्या दारात थांबलो. ओठावरची पट्टी बघून चाचा खुर्चीतून ओरडले, "अबे नरसू, नेढ्यात धागा डालनाच नै रैता. गळ पे लपेटने का. नेढा खुला छोडने का, पूरा खुला. क्या सुना?"

"खुला," मामा म्हणाले.

"तेरेकू कौन बोल्या ये करने कू?"

"कोण न्हाय. हौस."

त्या वेळी चाचांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला होता. डावं अंग नीट होतं, बोलणं थोडं जाड झालं होतं, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. चाचांनी तो डाव्या हातानं गटारीत टाकला. "मैं क्या बच्चा है, गेंद खेलने कू?" चाची जाऊन बरीच वर्षं झालेली. भावाची सून जेवण आणून द्यायची. मुलगी शबाना पुण्याला नोकरीत, तिनं फोनवर साफ सांगितलं होतं: दिवाळीच्या सुट्टीत येईन. तोवर अब्बांना स्वतःच्या शर्टाची बटणं उजव्या हातानं लावता आली तर राहू देत सोलापुरात. नाहीतर मी घेऊन जाणार, खोलीला कुलूप.

हे बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. चाचांनी या मुदतीवर एकच केलं. शर्ट घालणं सोडलं. दिवसभर बनियनवर बसायचे.

आणि अशा माणसाच्या मागे आमचे मामा माशी शिकायला लागले. मला विचाराल तर तो छळ होता. रोज संध्याकाळी चार वाजता नळ येतो, मामा आपलं पाणी भरतात, चाचांचं भरतात, आणि हातात त्या दिवसाची माशी घेऊन समोर जाऊन बसतात. मग अर्धा तास बोळाला शिव्या ऐकू येतात.

पहिली माशी तर मी स्वतः पाहिली. चादरीच्या सुतातून बनवलेली. लाल, हिरवी, मध्ये पिवळा पट्टा, कडेला रीतसर काठ. करंगळीएवढी जाड.

चाचा बराच वेळ बघत राहिले. "ये क्या है?"

"माशी."

"ये मच्छी खाएगी नै बे, ओढके सोएगी."

पिसांसाठी तर मामांनी कहर केला. कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं असं चाचा बोलून गेले. कोंबडीवाल्याकडं पोतंभर पिसं फुकट मिळाली असती. पण मामांना जिवंत कोंबड्याचंच पाहिजे, "त्याला तजेला असतोय." आमच्या बोळात लक्ष्मीबाईंचा एक तांबडा कोंबडा आहे. महिन्याभरात त्याची मान उघडी पडली. लक्ष्मीबाईंनी आधी रोग समजून हळद लावली. मग एका सकाळी त्यांना मामा उकिडवे बसून कोंबड्याला शेंगदाणे चारताना दिसले, एका हातानं शेंगदाणे आणि दुसऱ्या हातानं पीस. त्या दिवशी तेलुगूत जे झालं ते मला कळलं नाही, पण मामा दोन दिवस नळावर आले नाहीत. त्यांचं आणि चाचांचं पाणी मी भरलं. कोंबडा अजून मामांना बघितलं की पत्र्यावर चढतो.

माझी पत्रकंही त्यांना फार आवडायची. एकदा म्हणाले, "अम्मा, तुझा कागद संपला. आणखी दे की." मला वाटलं, चला, एक माणूस तरी जागा झाला. तलावावर काठावरच्या लोकांचा हक्क आहे, पाण्याला तिकीट नसतं, हे सगळं मी पोटतिडकीनं लिहिलेलं. दहा-बारा प्रती दिल्या. संध्याकाळी पाहिलं तर शिकंज्याखाली पत्रक पसरलेलं आणि त्यावर पिसांचा कचरा. "पांढरा हाय ना," मामा म्हणाले, "पडलेला गळ झटक्यात दिसतोय. लई कामाचा कागद."

सह्यांच्या मोहिमेत मी दोघांकडं गेले होते. मामांनी लगेच सही केली, वाचलं नाही. चाचांनी सगळं वाचलं, दोनदा, आणि म्हणाले, "सही है. मेरी जगा बी उसी किनारे पे है, बाभूळ के नीचे." मी म्हटलं, मग करा सही, नाहीतर डाव्या हाताचा अंगठा चालेल. त्यांनी कागद परत सरकवला. "अंगूठा नै देता लीडर. दस्तखत करनेवाला आदमी है मैं."

पुन्हा माशीकडं येते. मामांची प्रगती म्हणजे काय, तर शून्य. चादर जाऊन माशी बारीक झाली, रंग कमी झाले, पिसाची फिरकी जमली, पण एक चूक हटता हटेना. शेवटची गाठ मारताना दोरा पुढं पुढं जायचा आणि नेढं बुजून जायचं. नेढं बुजलं की माशी फुकट, दोरीला बांधणार कुठून? चाचा रोज तेच सांगायचे, चिडून स्वतःच सुईनं नेढं उकरायला बघायचे. मामा रोज मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी नेढं बुजलेली माशी हजर.

"आज बी?"

"आज बी. अंते."

"तू आदमी है का बैल है बे?"

मला अन्याय सहन होत नाही आणि बावळटपणा त्याहून होत नाही. मी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. एक गोरा माणूस शांतपणे माशी बांधतो, नेढ्याच्या अलीकडे दोरा थांबवतो, झालं. तो मामांना दाखवायला चाचांच्या खोलीत गेले. मामा वाकून बघणार एवढ्यात चाचांनी काठी आपटली.

"बंद कर वो. मेरे शागिर्द कू मेरे सिवा कोई नै सिखाने का."

"अहो चाचा, पण यांना येईना."

"नै आया तो नै आया. तेरेकू क्या जल्दी है?"

मी तिथून बाहेर पडले आणि बोळाच्या तोंडाशी मामांना गाठलं. सगळं बोलले. आजारी माणूस आहे, त्याला विश्रांती पाहिजे. रोज चिडतो, रक्तदाब वाढतो. तुम्हाला मासे धरायचे नाहीत, खायचे नाहीत, चार महिन्यांत एक गाठ तुम्हाला जमलेली नाही. कशासाठी छळताय त्यांना? दिवाळीला शबाना येणार, घेऊन जाणार, निदान राहिलेले दिवस तरी सुखानं जाऊ द्या.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्हय, लई चिडतोय. काल टेबलावर हात आपटला." जरा थांबून म्हणाले, "उजवा."

मी म्हटलं, बघा. आणि तरातरा निघून गेले.

शबाना वसुबारसेला आली. मोठी बॅग घेऊन आली, तीही रिकामी, म्हणजे काय ते कळलं. मी मुद्दे तयार ठेवले होते. वृद्धांना त्यांच्या वस्तीतून उखडणं हा कसा अन्याय आहे, शेजार हीसुद्धा एक आरोग्यसेवा कशी आहे. पण शबाना ही वाद घालण्यासारखी बाई नव्हती. थकलेली होती. तिनं पेटीतून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, अब्बांच्या अंगात घातला, समोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "लगाओ."

चाचांनी डावा हात उचलला.

"सीधा हाथ, अब्बा."

उजवा हात बटणापर्यंत गेला. बोटं बटणावर फिरली, सरकली, पुन्हा फिरली. चाचांच्या कपाळावर घाम. मला बघवेना. दुसऱ्या प्रयत्नाला त्यांनी हात मांडीवर टाकून दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. शबाना रडली नाही. उठून बॅगेची चेन उघडायला लागली.

तेवढ्यात दारात मामा. नळ येऊन गेला होता, बाह्या ओल्या, हातात माशी.

मी डोळ्यांनी खुणावलं, जा. त्यांना खुणा कधी कळतात? ते आत आले, शबानाला "बरी हाईस का बेटी" म्हणाले आणि माशी चाचांच्या तोंडासमोर धरली. "उस्मान, आज जमलं बघ बे. नेढं एकदम खुलं."

चाचांनी नुसती नजर टाकली. नेढं ठार बुजलेलं. वर डिंकाचा थेंब.

"इसकू खुला बोलता तू?"

"खुलंच हाय की."

"आँखां हैं का बटन हैं तेरेकू?"

"तुला दिसंना झालंय. तू पुण्याला चाललास, तितं डोळे तपासून घे," मामा म्हणाले. "मी आपला असाच बांधणार. माझी माशी बरोबर हाय."

मामा इतकं उलट बोललेले मी कधी ऐकले नव्हते. चाचांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी झडप घालून माशी हिसकावली, शिकंज्यात घट्ट केली, सुई उचलली आणि नेढ्यावरचा एकेक पदर सोडवायला लागले. पदर सुटला की चिमटीत धरून मागं ओढायचा, गळाच्या दांड्यावर गुंडाळायचा, गाठ मारायची. तोंडानं शिव्या चालूच. गाठ आवळून त्यांनी माशी उजेडात धरली. नेढ्यातून पलीकडचा दिवा दिसत होता.

"ये देख. इसकू बोलते खुला."

माशी उजव्या हाताच्या चिमटीत होती.

शबाना बॅगेच्या चेनवर हात ठेवून तशीच वाकलेली. मग ती हळूच म्हणाली, "अब्बा, बटन."

"रुक," चाचा खेकसले. "पहले इस बैल का काम होने दे."

बटणं त्यांनी लावली. वरचं राहिलं, पण वरचं चाचा आधीही लावत नसत. भाऊबीज झाल्यावर शबाना पुण्याला गेली, बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन. उन्हाळ्यात पुन्हा बघू, म्हणाली. माझ्या कागदावर चाचांची सहीही झाली. ती वाकडीतिकडी आहे, चालत्या मागावर दोरा तुटावा तशी.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्याच आठवड्यात तलावाच्या सभेचं सांगायला मी मामांच्या घरी गेले. दार उघडं होतं. मामा पाठमोरे बसलेले, समोर टेबलाच्या कडेला स्वतः जुळवलेला लाकडी शिकंजा. मी हाक मारणार होते. थांबले.

मामा माशी बांधत होते. मी त्या व्हिडिओतला गोरा माणूस पाहिला होता, तो यांच्यापुढं शिकाऊ वाटला असता. कांडी बोटांतून फिरत होती, पीस गोल उभं राहत होतं, दोरा नेढ्याच्या अलीकडे केसभर थांबला, एक गाठ, दुसरी गाठ, ब्लेड. काम संपेपर्यंत त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. माशी अशी झाली होती की उडेल. मामांनी ती हातभर दूर धरून पाहिली. मान एका बाजूला, नव्या चादरीची घडी बघावी तशी.

मग चष्मा लावला. दोरा पुन्हा जोडला. आणि सावकाश, फार काळजीनं, नेढं बुजवायला लागले. एक पदर, दुसरा पदर, वर डिंकाचा थेंब. तो वाळावा म्हणून फुंकर घातली.

मी हाक न मारता मागं फिरले.

आता माझा स्वभाव असा, की कळलेली गोष्ट पोटात ठेवणं मला जमत नाही. माहिती लोकांची असते, असं मी पत्रकात लिहिते. सरळ चाचांच्या खोलीत गेले. चाचा शर्ट घालून बसले होते.

"चाचा, मामांबद्दल एक सांगायचंय. ती माशी..."

"मालूम है."

"काय मालूम आहे?"

"चालते लूम पे टूटा धागा जोडनेवाला आदमी है वो. जिंदगीभर जोड्या. उसकू एक गाठ नै आती?" चाचा हसले. "होठ का गळ असली था. वो पहले दिन का. बाकी सब नाटक."

"मग तुम्ही रोज एवढ्या शिव्या देता ते?"

"वो इत्ती मेहनत से बिगाडके लाता. देनी पडती ना."

"पण आता हात बरा आहे तुमचा. सांगून टाका की त्यांना."

चाचांनी उजव्या हातानं कप उचलला. अजून थरथरतो तो. एक घोट घेतला आणि कप परत ठेवला.

"बोल्या तो कल से वो क्या लेके आएगा?"

बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. बादल्या वाजल्या. थोड्या वेळानं मामांच्या चपला बोळ ओलांडताना ऐकू आल्या. चाचांनी घाईघाईनं चष्मा चढवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला डोळ्यांनी दटावलं.

मी गप्प बसले. मला ते जमतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

"उस्मान," मामा दारातून म्हणाले, "आज बी जरा बुजलं वाटतंय बघ."